चांगलं होतं ते यीस्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, अकोल्याची नोकरी मला नशिबाने मिळाली.

बडनेऱ्याजवळच्या एका लहान बिअर कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळायचो. बिअर आंबवणारं यीस्ट तिथे जिवंत ठेवावं लागतं – एका टाकीतलं काढून पुढच्या टाकीत घालायचं. ते फेकलं, म्हणजे पुढच्या टाकीत बिअर तयारच होणार नाही.

एका सोमवारी मॅनेजरने मला दार लावून घ्यायला सांगितलं. कंपनी दिवाळखोरीत जाणार होती. कामगारांना कळू न देता उत्पादन थांबवायचं, म्हणून यीस्ट फेकायचं, ते खराब झालं असं सांगायचं. गप्प राहिलो तर अनुभवाचा दाखला लगेच मिळणार होता. दुपारीच मी अकोल्याच्या शीतपेयांच्या कारखान्यात अर्ज पाठवला.

मग यीस्ट गटारात सोडायला घेतलं, तेव्हा टाक्या धुणारा संघपाल पाइप धरून उभा होता. त्याने वाकून यीस्टचा वास घेतला.

"साहेब, वास त चांगला येऊन रायला. काहून फेकून रायले?"

"रिपोर्ट खराब आहे."

"नाकाचा रिपोर्ट त बराबर हाय!"

बाकीचे कामगार हसले. मला वाटलं – याला कळलं. की मॅनेजरनेच याला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलंय? सकाळपासून मला सगळ्यांचाच संशय येत होता.

"तू टाक्या धुतोस ना? तेवढंच पाहा," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

संध्याकाळी तो गेटवर थांबला. तिवस्याला पाण्याच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्याला काम मिळत होतं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"जाऊ का साहेब? तुमी खरं सांगा."

तो गेला असता, तर बाकीचे सावध झाले असते. मी म्हणालो, "राहा. नवीन यीस्ट येतंय."

तो राहिला. पंधरा दिवसांनी गेटला कारखाना बंद झाल्याची नोटीस लागली. तिवस्याची जागा तोवर भरली होती.

इथवरचं सांगणं सोपं – घाबरलो होतो, असं म्हणता येतं. पण पुढचं?

अकोल्यात रुजू झालो त्याच आठवड्यात वरिष्ठांनी विचारलं, टाक्यांवरचा कुणी चांगला माणूस आहे का ओळखीत? संघपालचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. पण तो आला असता, तर मी अर्ज कधी केला, हे कधीतरी त्याच्या कानावर गेलंच असतं.

"तसा कोणी नाही," मी म्हणालो.

संघपाल आता मिळेल तिथे रोजाने जातो, असं ऐकतो.

यीस्ट चांगलं होतं. त्याचं नाक बरोबर होतं.