वैशालीची कागदपत्रं आणि माझे ई-मेल

तेलंगणातल्या आमच्या बेल्यात कॉम्प्युटर कळणारा माणूस एकच आणि तो म्हणजे मी, असं गावात एकाच माणसाचं मत होतं. तो माणूसही मीच.

भाची वैशालीला आदिलाबादच्या एका ऑफिसात, गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या टेबलावर, नोकरीची संधी आली. संध्याकाळच्या आत सगळी प्रमाणपत्रं ई-मेलनं पाठवायची होती. ती मोबाइल घेऊन बसली, तोच मी तो हिसकावला.

"मामा बसला हाय ना इथं! तू काऊन तरास घेऊन राह्यली?"

'सोबत सर्व कागदपत्रं जोडली आहेत,' असं मी झोकात लिहून पाठवलं. जोडलं काहीच नव्हतं! तिकडून उत्तर आलं, 'काही मिळालं नाही.'

"आंधळे हायत काय हे लोक?" मी चिडलो आणि लिहिलं, 'चष्मा लावून पाहा.'

"मामा, तुमी फाइल जोडलीच नाई!"

मग मी सगळे फोटो एकदम कोंबले. मेल गेला तसा उलटपावली परत आला. 'आकार फार मोठा,' असं काहीतरी इंग्रजीत होतं.

"त्यायची पेटी भरली असन," मी ताईला, वैशालीच्या आईला, समजावलं. "आळशी लोक!" आणि 'आधी आपली पेटी रिकामी करा' असा मेल ठोकला. (हा बिनबोभाट पोचला. माझं ज्ञान वजनाला हलकंच!)

"मामा, फोटो लहान करा, नाईतर दोन-तीन मेलमंदी वाटून पाठवा."

"मले शिकवतं?"

मी एकेक फोटो पाठवायला लागलो. बोट दर वेळी पहिल्याच फोटोवर पडे. दहावीची गुणपत्रिका गेली. मग पुन्हा दहावीचीच. मग परत तीच! तिकडून उत्तर: 'दहावी पास आहात हे पटलं. पुढचं पाठवा.'

टोमणा? मला? मी लिहिलं, 'अशा अडाणी ऑफिसात आमची पोरगी पाय ठेवणार नाही!'

वैशाली किंचाळली, "मामा! मेल माझ्या नावानं जाऊन राह्यले!"

तिच्या डोळ्यांत पाणी. ताईनं माझ्या हातातून मोबाइल असा ओढला, जणू मी विंचू धरला होता. वैशालीनं फोटो लहान केले, दोन मेलमध्ये वाटले आणि वर माफी मागितली: 'आधीचे मेल मामांचे होते.'

तरी मुलाखतीला बोलावलं! साहेबांनी तेलुगूत विचारलं, "स्वतःची चूक असून आपल्यालाच झापणारा माणूस आला, तर काय कराल?"

वैशाली तेलुगूतच शांतपणे म्हणाली, "सर, माझ्या मामांचे मेल तुम्ही वाचलेच आहेत. मी त्यांना लहानपणापासून सांभाळते."

नोकरी लागली. आता कुणी विचारलं, की मी छाती फुगवून सांगतो, "माझ्या वशिल्यानं लागली!"

ताई आतून ओरडते, "खोटं नाई. पोरीच्या अनुभवाचा दाखला तूच तं हायस!"