मागचं मी बघते

"बोला, आज माझं काय चुकलं?"

सराव संपला की कोचबाई कमरेवर हात ठेवून हे विचारायची. समोर धापा टाकणाऱ्या शाळकरी पोरी. आपल्याकडे शिकवणाऱ्याने असं विचारायची रीत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आपल्याकडे तुमचं काय चुकलं ते सांगतात आणि वर दोन ठेवून देतात. त्यामुळे पोरी एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसायच्या. "काय न्हाय, ताई."

"न्हाय कसं? सगळं बरोबर असतं तर तुमी गळ्यात पदकं घालून शेळ्या राखल्या असत्या."

ती स्वतःच अजून विद्यार्थिनी होती. शारीरिक शिक्षणाचं कॉलेज करता करता आमच्या गावच्या मुलींना पळायला शिकवायला एसटीने यायची. मूळची घोडेगावच्या वरची, डोंगरातली. आमचं गाव लोणीच्या अंगाला, उसातलं. शिकवणाऱ्याने खेळाडूंचा अभिप्राय घ्यावा, असं तिच्या कॉलेजात सांगितलं होतं. बाकीच्यांनी ते परीक्षेपुरतं पाठ केलं. हिने खरं मानलं.

माझं घर मैदानाला लागून. मी शेतकऱ्यांच्या संघटनेची पत्रकं लिहितो, वाटतो आणि ज्या खांबांवर दिवे नाहीत त्यांच्या नावाने ओरडतो. मैदानाच्या कोपऱ्यावरही तसा एक खांब आहे. त्याच्याबद्दल मी इतकं लिहिलंय की गावात मला 'खांबवाला' म्हणतात. दिवा अजून लागलेला नाही.

हळूहळू पोरींची भीड चेपली. एक म्हणाली, "ताई, तुमचा आवाज लई चिरका हाय. कानात शिट्टी गेल्यावानी." कोचबाईने दुसऱ्या दिवशी खरीच शिट्टी आणली आणि बोलणं कमी केलं. दुसरी म्हणाली, "तुमी पुढं पळणाऱ्यांकडंच बघता. आमी मागं मेलो का जगलो, तुमाला पत्ता नसतो." तेव्हापासून ती सगळ्यात मागे पळायला लागली. मागच्या पोरी ओरडायच्या, "आता जरा पुढं जा की, ताई! दमवलं राव!"

एक गोष्ट मात्र तिने बदलली नाही. पळताना कुणी मान वळवली की तोंडातली शिट्टी काढून ती चिरक्या आवाजात ओरडायची, "मागं बघू नको! मागं बघितलं की पाय अडखळतो. मागचं तुझ्या कामाचं न्हाई!"

शीतलसाठी तर ती हे ओरडून ओरडून घसा बसवायची. शीतल ही आठवीतली, काटकुळी, आठशे मीटर पळणारी. पळताना ती जमिनीला पाय लावते की नुसती वरून विचारून जाते, असा प्रश्न पडायचा. ही पोरगी जिल्ह्याला जाणार, असं कोचबाईने ठरवून टाकलं होतं.

आता वाघाकडे येतो. पुस्तकात त्याला बिबट्या म्हणतात, आम्ही वाघच म्हणतो. एका सकाळी लांब उडीच्या खड्ड्यातल्या वाळूत त्याचे पंजे उमटलेले दिसले. सगळं गाव खड्ड्याभोवती जमलं. कोचबाई वाकली, बारकाईने बघितलं आणि म्हणाली, "टेक-ऑफ बरोबर हाय. फाउल न्हाई." पोरी हसल्या. मग मला म्हणाली, "भाऊ, आमच्याकडं वाघ डोंगरात राहतो. तुमचा उसात राहतो. तुमचा वाघ बागायतदार झालाय."

मी पत्रक काढलं. बिबट्या दिसल्यास पळू नका. पाठ दाखवू नका. खाली वाकू नका. घोळक्याने चला, मोठ्याने बोला. खाली आमच्या मागण्या: रस्त्याला दिवे, शेताला दिवसा वीज, शाळेच्या वेळेला एसटी. मैदानावरही वाटलं. कोचबाईने पहिली ओळ वाचली आणि म्हणाली, "पळू नका? भाऊ, माझी शाळाच बंद करायला आलात का?"

दिवाळी झाली, दिवस आखडला. ऊसतोड सुरू झाली आणि फडातला वाघ बांधावर आला. शाळा पाचला सुटायची. पळून होईपर्यंत अंधार. तुम्ही म्हणाल, सकाळी पळवावं. सकाळी धुकं असतं, आणि पोरींना धारा असतात. शनिवारी दुपार मोकळी मिळायची, पण आठवड्यातून एकदा पळून कुणी आठशे मीटर जिंकत नाही. एका दिव्याचं काम होतं. एका! असो, खांबाबद्दल बोलायला लागलो की मी थांबत नाही.

एका संध्याकाळी शीतल सवयीने सगळ्यांच्या पुढे पळत घरी निघाली. वळणावर वाघ बसला होता, रस्त्याच्या मधोमध, कुत्रं बसावं तसा. ती थांबली. त्याच्याकडे बघत एकेक पाऊल मागे सरकत राहिली, मागच्या पोरींचा गलका ऐकू येईपर्यंत. वाघ उठला आणि उसात गेला.

दुसऱ्या दिवशी कोचबाईने नेहमीचं विचारलं. शीतलने हात वर केला.

"ताई, तुमी म्हणता मागं बघू नको, पळ. भाऊंचा कागद म्हणतो पळू नको, पाठ दाखवू नको. मी कुणाचं ऐकू?"

इतक्या पोरींच्या इतक्या तक्रारींवर तिने काही ना काही तोड काढली होती. या वेळी ती माझ्याकडे बघायला लागली. मी खांबाकडे बघितलं.

त्या दिवसापासून सराव संपला की ती पोरींना घरी सोडायला निघायची. पोरी पुढे तोंड करून, आणि सगळ्यात शेवटी ही, उलटी चालत, हातात मोबाईलची बत्ती. "तुमी पुढं बघा," म्हणायची. "मागचं मी बघते." खड्ड्यात पाय जाऊन एकदोनदा आपटलीही. पोरी टाळ्या वाजवायच्या.

शेवटची पोरगी घरात गेली की ती एकटी फाट्याला जायची, एसटी धरायला. मी बरोबर निघालो तर म्हणायची, "तुमी परत येताना एकटेच की. मग तुमाला सोडायला मी येऊ?"

"अहो, पण तुमच्या मागचं कोण बघतं?"

"मी गाते ना, भाऊ. या आवाजाला वाघ काय, वाघाचा बाप जवळ यायचा न्हाई."

आणि खरंच, उसातून तो चिरका आवाज फाट्यापर्यंत ऐकू यायचा. तो थांबला की मी समजायचो, एसटी आली.

घोडेगावला शाळांच्या स्पर्धा झाल्या. आठशे मीटरला शीतल पहिली होती. शेवटच्या वळणावर एक सोडली तर बाकीच्या पार मागे पडल्या होत्या. आणि तिथे तिने मागे बघितलं. पाय अडखळला, ती एक, शेजारच्या गावातली पोरगी, छातीभर पुढे निघून गेली. जिल्ह्याला एकीचीच निवड होती.

कोचबाई ओरडली नाही. शिट्टी तोंडात तशीच होती. शीतल रडत म्हणाली, "मागनं पावलं वाजली, ताई. मान आपोआप वळली." कोचबाईने तिच्या मानेवर हात ठेवला. "बरोबर वळली," एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मैदानाच्या कडेला बांधलेलं वासरू वाघाने नेलं. पोरींचे बाप मैदानावर आले. भांडायला नाही, आणि हेच मला सहन झालं नाही. भांडले असते तर मी भांडलो असतो. शीतलचा आजा पुढे झाला. "पोरगी पयली आली काय न् शेवटली आली काय, घरी आली पायजे. उद्यापासून न्हाई पाठवत."

कोचबाईने मान हलवली. मग सवयीने विचारून गेली, "माझं काय चुकलं, आबा?"

"तुजं काय चुकलं न्हाय, बाई," म्हातारा म्हणाला. "चुकलं असतं तर सांगितलं असतं. तू सुधारली असती."

त्या संध्याकाळी ती रिकाम्या मैदानावर माझ्याशेजारी बसली. "कॉलेजात सर विचारतील, अभिप्राय मिळाला, त्यावर काय सुधारणा केली? काय सांगू, भाऊ? दिवस मोठा केला म्हणून सांगू?" माझ्याकडे फक्त मागण्या असतात.

तिचं कॉलेज संपलं. लांबच्या शहरात एका शाळेत लागली, असं कळलं. तिथल्या मैदानाला चारी बाजूंनी दिवे आहेत म्हणे. तिचा राग धरायला जागा नाही, म्हणून मी दिव्यांचा धरतो. नवं पत्रक काढलंय. खांबही जागेवर आहे.

शीतल आता पळत नाही. परवा शाळा सुटल्यावर पोरींचा घोळका माझ्या दारावरून गेला. मोठमोठ्याने बोलत, पत्रकात लिहिलंय तसा. पुढे बारक्या, मधे थोराड, आणि सगळ्यात शेवटी, गावातली सगळ्यात वेगात पळणारी पोरगी, उलटी चालत.