सी/फा म्हणजे सीमा-फाटक

इंजिनात मी पहिल्यांदा चढलो त्या दिवशी मला हसायचा हुकूम झाला.

माझी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात, बेळगावला. अधूनमधून ड्रायव्हरशेजारी इंजिनात बसून जायचं आणि वाटेतला प्रत्येक सिग्नल पुरेशा लांबून दिसतो का, की मध्ये कुठलं झाड आलंय, हे बघायचं, असं काम. खानापूरच्या पुढं रान असं वाढतं की आज छाटलेली फांदी पुढच्या खेपेला परत हजर. इंजिनात एक रीत असते. सिग्नल दिसला की सहायकानं त्याचा रंग मोठ्यानं ओरडायचा आणि ड्रायव्हरनं तो तसाच परत ओरडायचा, म्हणजे दोघंही जागे आहेत याची खात्री. त्या दिवशीचे दोघंही धारवाडकडचे. डिझेल इंजिनाचा आवाज एवढा की स्वतःचे विचारसुद्धा ऐकू येईनात. एकदम सहायक माझ्या कानाशी ओरडला, "हस रं!" आणि ड्रायव्हरही तितक्याच गंभीर चेहऱ्यानं ओरडला, "हस रं!"

मी हसलो. नवी नोकरी, वयानं मोठी माणसं सांगतायत, न हसून करतो काय? पुढच्या सिग्नलला पुन्हा हुकूम, मी पुन्हा हसलो. देसूर येईपर्यंत गाल दुखायला लागले. मला कन्नड येत नाही अशातला भाग नाही, खडेबाजारात भाव करण्यापुरतं झकास येतं. पण हिरव्या रंगाला ते लोक 'हसरु' म्हणतायत हे त्या गोंगाटात डोक्यात शिरलंच नाही. उतरताना ड्रायव्हर सहायकाला कन्नडमध्ये म्हणाला की पोरगं चांगलं आहे, पण थोडं कमी आहे. एवढं कन्नड मात्र मला नीट कळलं.

पुढं डिझेल जाऊन विजेची इंजिनं आली. डिझेलच्या इंजिनात उन्हाळ्यात उघड्या खिडकीनं भाजायचो. नव्या इंजिनात थंड हवेचं यंत्र असतं, ते बहुतेक वेळा बंद असतं, आणि थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्याही बंद ठेवायच्या असतात. बाकी काम तेच.

आमचं गाव खानापूर आणि बेळगावच्या मध्ये, आणि आमचं शेत रुळाला लागून. शेताच्या कडेला रेल्वेचं फाटक होतं, आणि फाटकाच्या अलीकडं एक पिवळी पाटी. तिच्यावर हिंदीत लिहिलेलं, सी/फा. सी म्हणजे सीटी, फा म्हणजे फाटक; पुढं फाटक आहे, शिट्टी वाजवा, एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्या गावात तो कुणाला मान्य नव्हता. आमच्याकडं 'सी' म्हटल्यावर माणसाच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. "सी/फा म्हणजे सीमा-फाटक," आमचे आप्पा पारावर बसून सांगायचे. "रेल्वेनं कवाच मान्य केलंय. सरकारच मान्य करीना झालंय."

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. पोरगं रेल्वेत काय करतंय असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "ड्रायव्हरच्या शेजारी बसतोय. कवा थांबायचं, कवा जायाचं, ह्यो सांगतोय, मग त्यो गाडी हाणतोय." यातला एक शब्दही धड खोटा नव्हता, म्हणून मला खोडता येईना. त्याच्यावर त्यांनी आणखी मजला चढवला. आमच्या शेताजवळ प्रत्येक गाडी शिट्टी देते ती माझ्या निरोपावरून, घरच्यांना खुशाली कळावी म्हणून. आईनं तर कुठल्या गाडीचा निरोप कुठला, हेही ठरवून टाकलं होतं. दुपारची मालगाडी वाजली की ती म्हणायची, "जेवला बघा." मी तेव्हा बेळगावात ऑफिसात बसून खरंच जेवत असायचो, त्यामुळं तिलाही खोडता येईना.

मी रोज फोन करायचो. पण आप्पा फोन कधी हातात घेत नसत. आई त्यांच्यापुढं धरायची, ते मान हलवायचे. "फोनवर कुणीबी खोटं बोलतंय," ते म्हणायचे. "शिट्टी खोटं बोलत न्हाय."

मग खात्यानं फाटक बंद केलं आणि रुळाखालून रस्ता काढला. त्या रस्त्यात पावसाळ्यात पाणी भरतं, गावातल्या म्हशी त्यात डुंबतात आणि माणसं कपडे वर धरून जातात, पण ते असो. फाटक गेलं म्हणून सी/फा पाटी गेली, आणि पाटी गेली म्हणून शिट्टी गेली.

गावानं दोन निष्कर्ष काढले. एक, सीमेचा खटला आपण हरलो. दोन, मला नोकरीवरून काढलं.

सांत्वनाला माणसं यायला लागली. निपाणीहून मामा आले. निपाणीला रेल्वेच नाही, त्यामुळं मामांना रेल्वेतलं सगळं कळतं. डझनभर केळी पुढं ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नगोस. बोरगावात माझ्या ओळखीचं दुकान हाय, तितं शब्द टाकतो."

"मामा, मी नोकरीत आहे. हे बघा कार्ड."

"कार्डाचं काय रं? माझ्याकडं मतदानाचं हाय. म्हणून मी मंत्री झालो व्हय?"

हसण्यावारी नेण्यासारखंच होतं सगळं, पण आप्पा हसत नव्हते. रोज सकाळी डेअरीत दूध घालायला तेच जायचे, तिथं तासभर बोलत बसायचे. ते बंद झालं, आईला पाठवू लागले. पारावरही जाईनात. जन्मभर कुणाच्या पुढं मान खाली न घातलेला माणूस घराच्या मागच्या दारानं शेतात जायला लागला. मला गावाचा राग आला, आप्पांचाही आला, आणि फार वाईट वाटलं. मी नोकरीत आहे अशी पारावर पाटी लावून हे मिटणार नव्हतं. शिट्टी परत आली असती तर सगळं मिटलं असतं, दुसऱ्या कशानं नाही.

तेव्हा गदगकडचे एक ड्रायव्हर आमच्या मार्गावर होते, माझ्या चांगल्या ओळखीचे. त्यांना मी इंजिनातच आडून आडून विचारलं, की त्या जुन्या फाटकाजवळ जरा वाजवली शिट्टी तर?

"तितं फाटक न्हाय, बोर्ड न्हाय," ते म्हणाले. "कुणासाठी वाजवू? तुमच्या बापासाठी?"

मी नेमकं तेच तर मागत होतो.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्याच इंजिनात लोंड्याहून परत येत होतो. वळण संपलं, आमचं शेत दिसलं, आणि रुळाच्या अगदी कडेला आप्पा दिसले. डोक्यावर टोपी, अंगात लग्नाकार्यातला सदरा, हातात दावं आणि दाव्याला आमची म्हैस. म्हशीला अंघोळ घातलेली दिसत होती.

"ए यप्पा!" ड्रायव्हर किंचाळले आणि शिट्टीवर हात दाबून धरला. आपण जसं 'बाप रे' म्हणतो तसं ते लोक 'यप्पा' म्हणतात. मला हे पक्कं ठाऊक आहे. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय. माझेच."

शिट्टी वाजतच होती. आप्पांनी म्हशीला दोन पावलं मागं घेतलं आणि इंजिनाकडं बघून सलाम ठोकला. आम्ही पुढं निघून गेलो.

ड्रायव्हरनी हात काढला. मग म्हणाले, "खरंच तुमचे वडील?"

"व्हय."

"आणि म्हस?"

"तीबी आमचीच."

"मग आदी सांगायचं न्हाय काय?"

"तुम्हीच म्हणालता की, बापासाठी वाजवू काय म्हणून."

ते काही बोलणार एवढ्यात सहायकाला पुढचा सिग्नल दिसला आणि तो ओरडला, "हसरु!" माझा पहिल्या दिवसाचा किस्सा त्या दोघांनाही ठाऊक होता, त्यामुळं या वेळी आम्ही तिघंही हसलो.

त्या संध्याकाळी मी तडक गावी गेलो आणि आप्पांना धारेवर धरलं. "म्हैस रुळाजवळ का नेली होती?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "सकाळचं जास्त देती."

"जीव गेला असता तुमचा!"

"जेवलो की. तू जेव."

म्हातारा भलताच बेरकी, अडचणीचा प्रश्न आला की विषय बदलतो, असं म्हणून मी नाद सोडला.

ड्रायव्हर लोकांत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. त्या जागेला ते 'म्हशीचं वळण' म्हणायला लागले, आणि जो तो तिथं शिट्टी द्यायला लागला, कुणी भीतीनं, कुणी गमतीनं. रुळाजवळ जनावरं येतात असं सगळेच सांगायला लागल्यावर खात्यानं तिथं नवी पाटी लावली. फाटक नसल्यामुळं तिच्यावर आता नुसतं 'सी' आहे. आप्पा त्याच दिवशी पारावर गेले. "फाटक काढलंय, सीमा ठेवलीया," त्यांनी जाहीर केलं. "म्हंजे निकाल आपल्याकडनं लागला." दुसऱ्या दिवसापासून दूध घालायलाही तेच जायला लागले. मामांचा फोन आला की बोरगावच्या दुकानदाराला नाही म्हणून सांगू काय.

परवा पुन्हा इंजिनातून त्या बाजूनं आलो. आप्पा बांधावर बसले होते, गाडीकडं पाठ करून, म्हशीकडं तोंड करून. आमची शिट्टी वाजली. आप्पा हललेसुद्धा नाहीत. म्हशीनं मान वर केली, कान टवकारले. तेव्हा आप्पा गडबडीनं उठले, वळले आणि हात वर केला.

घरी गेल्यावर आईला बाजूला घेऊन विचारलं, "आप्पांना ऐकू येत न्हाय काय गं?"

"कवाधरनंच न्हाय," आई भाकरी थापत म्हणाली. "फाटक होतं तवाधरनं. तुला सांगू नगो म्हणालते. पोरगं कामधंदा सोडून दवाखान्यात हिंडंल म्हणून."

"मग शिट्टी बंद झालेली त्यांना कळली कशी?"

"म्हशीनं कान टवकारायचं सोडलं की."

फोन कधीच का घेत नव्हते ते त्या चुलीपुढं उभं राहून कळलं.

कानाच्या डॉक्टरकडं नेतो म्हटलं तर आप्पा म्हणतात, म्हस बरी हाय की. पण मी नेणार आहे. तोवर एवढंच करतो, की इंजिनातून जाताना वळण आलं की सिग्नल सोडून मी म्हशीच्या कानांकडं बघतो. एवढ्या वेगात ते दिसतात असं माझं म्हणणं नाही. पण बघतो.