सुईत तुंबलेलं रक्त

नोव्हेंबर १९६२, सोमवार. उमरग्याच्या दवाखान्यात मी काचेच्या सिरिंजा उकळत होते. अकरा वर्षं हे काम माझ्याकडे होतं. दोन महिन्यांपूर्वी एक नवी नर्स आली आणि डॉक्टरांनी तिला पहिल्याच आठवड्यात मायक्रोस्कोपला डोळा लावू दिला. मला तो आजवर फक्त पुसायला मिळाला होता. तिचा मला मत्सर वाटायचा, यात लपवण्यासारखं काही नाही.

त्या दिवशी डॉक्टर व्हिजिटला गेले होते. मुरुम गावच्या बांगडीवाल्या खाला आल्या. नाकातून वरचेवर रक्त यायचं, नजर अंधूक झालेली. नव्या नर्सनं रक्त काढायला घेतलं तर सुई तुंबली. दुसरी घेतली, तीही तुंबली.

"बाई, यांचं रक्तच दाट दिसतंय. डॉक्टरांना सांगू या."

"रक्त दाट नाही, तुझा हात जड आहे," मी खालांच्या देखत म्हणाले. तिनं सुई खाली ठेवली. मला बरं वाटलं. "खाला, आठ दिवसांनी या."

खाला उठल्या, दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. "बेटी, दरवाजा कुठं हाय गं? समदं धुरावाणी दिसतंय."

दार समोरच होतं.

त्यांना परत बसवून मी स्वतः जाड सुई घेतली. सिरिंजचा दट्ट्या मागं सरकेना. रक्त आलं ते काकवीसारखं, रेंगाळत.

दुपारी परतल्यावर डॉक्टरांनी त्या साकळलेल्या रक्तावरचं पिवळं पाणी शुद्ध पाण्यात थेंबभर सोडलं. पांढरा ढग खाली उतरला.

"एकाच जातीचं प्रथिन बेसुमार वाढलंय. त्यानं रक्त घट्ट झालंय. कुणाच्या लक्षात आलं हे?"

'माझ्या' हा शब्द ओठांवर होता. "हिच्या," मी म्हणाले. "मी हिलाच बोल लावला होता."

डॉक्टरांनी तिला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. तांबड्या पेशी चळत लावल्यागत चिकटल्यात, असं ती सांगत होती. मी उभी राहून ऐकलं. जळफळाट व्हायचा तो झालाच.

"हैदराबादला रक्त काढून वरचं पाणी टाकतील, पेशी परत भरतील," डॉक्टर म्हणाले. "डोळे वाचवायचे तर उद्याच न्यायला हवं. सोबत कोण जाईल?"

नव्या नर्सनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीत खालांना खिडकीशी बसवलं. डॉक्टरांची चिठ्ठी उघडून दोनदा वाचली, आणि मोठ्या दवाखान्यात काय काय विचारायचं ते चिठ्ठीच्याच मागं लिहून काढलं.