यादीतलं इनायाचं नाव

कोरोनात आखातातल्या त्या शहराच्या इंडस्ट्रियल एरियाचे रस्ते बंद झाले तेव्हा मुनाफ कंपनीच्या कामगारांच्या कॅम्पात अडकला. दोन दिवसांच्या कामासाठी आला होता, दोन जोडी कपडे घेऊन. शहरातल्या नजमा भागातलं त्याचं घर गाडीनं वीस मिनिटांवर. पण मध्ये पोलीस उभे होते, आणि बघता बघता वीस मिनिटांचे वीस दिवस झाले.

मुनाफ रत्नागिरीचा, ड्राफ्ट्समन. वर्ल्ड कपच्या एका स्टेडियमची गटारं, पाइप, मॅनहोल कागदावर आणायचं काम त्याचं. लोक येतील, मैदानाकडे बघतील. त्यांच्या पायाखालून पाणी कुठं जातं ते मुनाफला ठाऊक असेल. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर होतं. कॅम्पातला लॅपटॉप अगदीच मरतुकडा, म्हणून त्याच्यावरून इंटरनेटनं तो घरच्या कॉम्प्युटरात शिरायचा आणि तिथंच बसल्यासारखं काम करायचा.

अडचण अशी, की त्याच कॉम्प्युटरसमोर त्याची दहा वर्षांची इनाया शाळेला बसायची. शाळा ऑनलाइन झाली होती. मुनाफ आत शिरला की मशीन घरचा स्क्रीन बंद करून टाकायचं. एका वेळी एकच माणूस, हा त्याचा कायदा. भागाकार चालू असताना इनाया वर्गाबाहेर. मग बायकोचा, अजराचा फोन यायचा.

"आलात वाटतं घरी. पोरीला हाकललंत, आता तुमचा चहा टाकू?"

पहिल्या दिवशी तो हसला. चौथ्या दिवशी टीचरनं गैरहजेरी मांडली, तेव्हा हसू आलं नाही.

गुरुप्रसाद म्हणून एक ओळखीचा होता, पुण्याचा, शहरातल्याच वेस्ट बे भागातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारा. दोन संध्याकाळी फोनवरून अजराला एकेक बटण सांगत त्यानं त्या एका मशीनमध्ये दोघांची दोन वेगळी टेबलं मांडून दिली. आता इनाया घरात शिकायची, मुनाफ कॅम्पातून रेघा ओढायचा. धक्का नाही, भांडण नाही. कुणी कुणाला दिसतही नाही.

मशीनमध्ये या घडीला कोण कोण बसलंय, त्याची एक यादी मात्र उघडता यायची. मुनाफच्या नावाखाली इनायाचं नाव. त्यानं एकदा फोनवर तिला ते सांगितलं. "सो यू कॅन सी मी?" तिनं विचारलं. तू नाही, नुसतं नाव, तो म्हणाला. पण हात मोकळा झाला की तो ती यादी उघडून बसायचा. पलीकडच्या खोलीत कुणी खुर्ची सरकवावी, तसं ते नाव.

कंपनीनं माणसं कमी करायला घेतली होती. प्लॅनिंगच्या विजयालक्ष्मी मॅडमनी त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं, की गुरुवारी एकच्या आत पूर्ण ड्रॉइंग आलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल, आणि मग तुमचं नाव वाचवणं माझ्या हातात राहणार नाही.

गुरुवारी साडेअकरापासून मशीन धापा टाकू लागलं. रेघ ओढावी आणि ती उमटायची वाट बघत बसावं. त्यानं यादी उघडली. निम्मी मेमरी इनायाच्या नावावर होती. तिचा वर्ग तर अकरालाच सुटला होता. गुरुप्रसादला विचारलं, तर त्याचा मेसेज आला: तिथूनच बाहेर काढ तिला, एक क्लिक, खलास.

बाण नावावर नेऊन मुनाफ थांबला. त्यानं फोन लावला. इनायानंच उचलला. मागे कार्टूनचा आवाज चालू होता. क्लास संपल्यावर बंद का नाही करत, त्यानं विचारलं.

एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी पोर, हळू आवाजात म्हणाली, "बंद केलं तर तुमाला माझं नाव कसं दिसणार, अब्बा?"

म्हणजे रोज संध्याकाळपर्यंत ती ते उघडं ठेवत होती. वर्ग संपलेला, समोर कुणी नाही, आणि तरी उघडं.

"असू दे," मुनाफ म्हणाला. "नाव राहू दे. तेवढी कार्टूनं बंद कर."

"ओके, अब्बा."

बारा वाजून गेले होते. त्यानं आपल्याच ड्रॉइंगमधले थर एकेक करून झाकायला घेतले. आधी खुर्च्या, मग छपराचं लोखंड, मग दिव्यांच्या तारा, शेवटी हिरवळ. एवढं मोठं स्टेडियम स्क्रीनवरून उतरत गेलं आणि काळ्यावर पाण्याच्या निळ्या रेघा तेवढ्या राहिल्या. मशीन जरा मोकळं झालं. रेघा तरीही क्षणभर उशिरानं उमटत होत्या. तेवढा उशीर त्यानं चालवून घेतला. एकला सहा मिनिटं कमी असताना ड्रॉइंग विजयालक्ष्मी मॅडमकडे पोचलं.