ओझेयासचा तिसरा नियम

कासा अमारेला वस्तीच्या बाजारात ओझेयासने एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढली. तो निवृत्त झाला, पण त्याच्या खिशातलं दोनशे ग्रॅमचं पितळी वजन काही निवृत्त झालं नाही. बेकरीत पाव घ्यायला गेला की आधी ते काट्यावर ठेवायचा, आकडा बघायचा आणि "ठीक आहे" असं जाहीर करायचा. बेकरीवाली कपाळाला हात लावायची. पण माणूस स्वच्छ होता, हे तीही मान्य करायची. एकतीस वर्षांत त्याने कुणाचा एक आंबा फुकट खाल्ला नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतःच दर दोन दिवसांनी सांगत असल्यामुळे ती विसरायची कुणाला सोय नव्हती.

अशा माणसाला घरी बसवलं की तो काहीतरी तपासायला घेणारच. गल्लीतली निम्मी माणसं फोनवरच्या कसिनोत खेळत होती. कुणाला पैसे मिळायचे, कुणाचे गडप व्हायचे, आणि रडगाणं सगळ्यांचं. ओझेयासने ठरवलं की आपण स्वतः एक दमडी लावायची नाही, पण कोणता कसिनो खरा आणि कोणता खोटा याचा छडा लावायचा. खेळाडूंचा फोनवरच एक मोठा गट होता. चार हजार माणसं तिथे दिवसभर आपापले अनुभव लिहायची. हा तीन महिने कुस्कूस-अंडं पुढ्यात घेऊन सगळं वाचत बसला आणि शेवटी त्याने नियम लिहून काढले.

पहिल्या दोन नियमांत स्तुती वाचू नका वगैरे होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. गाजला तो तिसरा. "ज्याच्याविरुद्ध एकही तक्रार नाही तो चोर. एकतीस वर्षांत तक्रार नसलेला एकच काटा मी पाहिला, आणि त्याच्या तळाशी शिसं चिकटवलेलं होतं. म्हणून ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे आणि तिला एका दिवसात नम्र उत्तर आहे, तोच विश्वासू." शिवाय शेवटचा, म्हणजे सातवा: "जो अचानक येऊन चोर-चोर ओरडतो, तो बहुधा दुसऱ्या कसिनोचा भाडोत्री असतो."

गट चालवणाऱ्यांनी हे नियम, खाली त्याचं नाव न घालता, सगळ्यांत वर लावले. दूर दूरच्या शहरांतली माणसं त्याला इन्स्पेक्टर म्हणू लागली. नोकरीत असताना कुणी एवढा मान दिला नव्हता, तेव्हा स्वारी थोडी हवेत गेली तर नवल नाही.

गल्लीत त्याला न मानणारा एकच माणूस होता, बिऊ. बेकरीच्या कोपऱ्यावर जांबाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बिऊ प्राण्यांचा आकडा लिहायचा. पंचवीस प्राणी, प्रत्येकाचा नंबर. रात्री स्वप्नात जो दिसेल त्याच्यावर सकाळी दोन रेआल लावायचे. सगळा धंदा बेकायदेशीर, चिठ्ठीवर ना शिक्का ना सही. पण जे लिहिलं ते खरं, हा तिथला एकमेव कायदा. ओझेयास तिथून जाताना मुद्दाम रस्ता ओलांडून पलीकडे व्हायचा.

"काय इन्स्पेक्टर," बिऊ ओरडायचा, "आज कुणाला प्रमाणपत्र दिलं?"

"तुला मिळणार नाही, एवढं नक्की."

"बरं झालं. मिळालं असतं तर गिऱ्हाइकं पळाली असती माझी!"

आणि बिऊचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक होती ओझेयासचीच धाकटी बहीण, लिंदाल्वा. लोकांचे कपडे इस्त्री करून पोट भरणारी बाई. गेल्या वर्षी तिचे वरचे सगळे दात काढावे लागले, तेव्हापासून ती तोंडावर हात ठेवून हसायची. कवळीला आठशे रेआल लागणार होते. बिस्किटांच्या डब्यात चारशे साठले होते आणि तिथेच अडले होते.

एका दुपारी ती भावाकडे आली.

"दादा, एवढ्या जगाला सांगतोस, मला पण सांग की. कुठे खेळू?"

"तू? तुझा तो बिऊ आहे ना."

"बिऊकडे स्वप्न पडावं लागतं रे. या वयात झोप कुठे लागते?"

खरं तर त्या क्षणी 'कुठेच नको' म्हणायला हवं होतं. ते त्याला सुचलंही. पण चार हजार माणसं ज्याचा शब्द झेलतात, त्याने सख्ख्या बहिणीला नाही कसं म्हणायचं? त्याने चष्मा पुसला आणि 'सोनेरी पोपट' नावाचा कसिनो उघडून दाखवला.

"ही बघ तक्रार. सोरोकाबाच्या मार्लुसियाबाईंची. पैसे चार दिवस उशिरा मिळाले म्हणून चिडल्यात. आणि हे उत्तर बघ. 'प्रिय मार्लुसिया, आपला त्रास तो आमचा त्रास.' सरकारी खात्यात कधी कुणी असं लिहिलं होतं का गं?"

"नाही बाई. गोड लिहितात."

"मग! डोळे मिटून खेळ."

लिंदाल्वाने डब्यातले चारशे काढले आणि रविवारी दुपारी खेळायला बसली. पोपटाने पंख फडफडवले, घंटा वाजल्या आणि पडद्यावर अकराशे झाले. तिने तिथेच हात आवरला. भल्याभल्यांना जमत नाही ते या इस्त्रीवालीला जमलं. कवळी तर झालीच, वर नवी इस्त्रीही येणार होती. तिने पैसे मागितले.

पोपटाने ओळखपत्र मागितलं. तिने पाठवलं. मग ओळखपत्र हातात धरून फोटो मागितला. तोही तिने पाठवला. उत्तर आलं, 'प्रिय लिंदाल्वा, चेहरा स्पष्ट नाही, कृपया तोंडावरचा हात काढावा.'

वर्षभर तिने तो हात शेजारणीसमोरही काढला नव्हता. खिडकीशी उभी राहून, पडदा ओढून, तिने काढला. फोटो ओझेयासनेच घेतला, आणि घेताना बहिणीकडे नीट बघायचं त्याने टाळलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'प्रिय लिंदाल्वा, ओळखपत्रावरच्या व्यक्तीला वरचे दात आहेत. पाठवलेल्या फोटोतल्या व्यक्तीला नाहीत. ओळख न पटल्याने खातं बंद करण्यात येत आहे. आपला त्रास तो आमचा त्रास.'

दात करायला पैसे हवेत, आणि पैसे मिळायला दात हवेत! ओझेयासचं डोकं फिरलं. त्याने आयुष्यातली सर्वोत्तम तक्रार लिहिली. त्यात तारखा होत्या, वेळा होत्या, दातांचा सगळा इतिहास होता, आणि 'अमानुष' हा शब्द दोनदा होता. खाली स्वतःचं पूर्ण नाव घालून त्याने ती पोपटाच्या पानावर टाकली.

वीस मिनिटांत उत्तर आलं. 'प्रिय ओझेयास, आपला त्रास तो आमचा त्रास.'

आणि त्याखाली गटातल्याच एका मास्तरीणबाईंनी लिहिलं, 'तक्रार खरी वाटते, उत्तर नम्र आणि वेळेत. तिसऱ्या नियमाप्रमाणे विश्वासू. मी आजच पैसे भरते.' संध्याकाळपर्यंत अशा एकोणीस जणांनी लिहिलं होतं. पोपटाला इतकी चांगली तक्रार कधी मिळालीच नव्हती.

ओझेयास घाईघाईने गटात शिरला. 'थांबा! पोपट चोर आहे!' एवढंच त्याने लिहिलं. पण चार हजार माणसांना नियम पाठ होते. 'सातवा नियम,' एकाने लिहिलं. 'कितीला विकला गेलास रे?' दुसऱ्याने विचारलं. 'मी स्वतः इन्स्पेक्टर आहे, नियम मीच लिहिले!' असं त्याने सांगून पाहिलं. 'असं कुणीही म्हणेल,' उत्तर आलं. गट चालवणाऱ्यांनी त्याचं तोंड आठवडाभरासाठी बंद केलं, आणि तेही फार नम्रपणे.

सकाळी तो पाव आणायला निघाला. खिशातलं वजन घरीच राहिलं होतं. आज पहिल्यांदाच रस्ता न ओलांडता तो जांबाच्या झाडाखाली थांबला.

"बिऊ, एक विचारू? तू बुडवत का नाहीस रे लोकांना? तुला विचारणारं कोण आहे?"

बिऊने पेन्सिल कानावर ठेवली. "उद्या सकाळी मला इथेच बसायचं असतं, इन्स्पेक्टर. आणि तुझी बहीण समोरच राहते. हातात गरम इस्त्री असते तिच्या."

तेवढ्यात लिंदाल्वाच आली. भावाला तिथे पाहून थबकली. त्याला वाटलं, आता चार लोकांत उद्धार होणार, आणि झाला असता तर बरंच वाटलं असतं. पण तिने बिऊपुढे दोन रेआल ठेवले.

"झोप लागली वाटतं काल?" बिऊने विचारलं.

"लागली. दादा दिसला स्वप्नात. खिडकीशी उभा होता, माझा फोटो काढत होता, आणि रडत होता बिचारा."

"मग प्राणी कुठला लिहू?"

लिंदाल्वाने भावाकडे पाहिलं आणि हसली. तोंडावर हात न ठेवता, भर कोपऱ्यावर, सगळ्यांसमोर हसली.

"तीन नंबर लिही," ती म्हणाली.

बिऊने मान खाली घालून लिहिलं. तीन नंबरला कोणता प्राणी असतो, हे कासा अमारेलातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गाढव.