काझीचं दीड पान

उमैमाच्या प्रबंधाचा विषय उदारमतवाद, आणि सगळा डोलारा उभा होता एका उताऱ्यावर. कैरवानच्या एका जुन्या काझीने लिहिलं होतं, माणसाच्या मनावर सुलतानाचा हुकूम चालत नाही. एका निवडक वेच्यांच्या पुस्तकात सापडलेल्या त्या अकरा ओळी पोरगी चार वर्षं मिरवत होती. महिन्याभरात प्रकरण ट्युनिसला सरांकडे द्यायचं होतं. मूळ पोथीशी ताडून पाहायचं तेवढं राहिलं होतं.

पोथ्या होत्या कैरवानातच, ग्रंथपाल सी हमादींच्या ताब्यात. सत्तरी उलटलेली, मोतीबिंदूने डोळे अधू, जीभ मात्र शाबूत.

"मोठ्यानं वाच, मी ऐकतो. पहिल्या ओळीपासून. आमच्याकडे ग्रंथ असाच वाचतात."

"काका, मला चारच पानं हवीत हो!"

"लग्नाला जाऊन नुसता खजुराचा गोड मकरूद उचलून पळणार होय गं?"

झालं! रोज सकाळी ती वाचायची, म्हातारा ऐकायचा, आणि उठताना 'इथवर वाचलं' अशी चिठ्ठी पोथीत ठेवायला लावायचा. अठराव्या दिवशी उतारा आला. उमैमाचा आवाज आनंदाने चढला.

सी हमादींनी हात वर केला. "दमानं. हे काझीचं म्हणणं नव्हे. आधी काय वाचलंस? 'तू म्हणशील की...' हा त्याचा विरोधक बोलतोय."

तिने घाईघाईने पानं उलटली. चार पानांनंतर ओळ होती, 'तर मी म्हणेन...', आणि पुढे काझीने सगळं खोडून काढलं होतं. वेचे काढणाऱ्याने पहिली ओळच गाळली होती. उमैमाला रडू फुटलं.

"पोथीवर नको गं बाई, शाई जुनी आहे," म्हणत म्हाताऱ्याने तिला हाताला धरून अंगणात नेलं आणि आपल्यातला अर्धा मकरूद दिला.

"चार वर्षं पाण्यात गेली, काका."

"काझीचं उत्तर केवढं?"

"दीड पान."

"आणि विरोधकाला?"

"चार."

"बघ. पटत नव्हतं, तरी पोटभर बोलू दिलं त्याला. तू काझीला किती बोलू दिलंस?"

उमैमा शरमली. अकरा ओळी, त्याही त्याच्या नव्हेत.

तिने सरांना निरोप धाडला, प्रकरण लांबेल. मग हात धुऊन ती पोथीपाशी बसली. काझीच्या उत्तरातला एक शब्दही तिला पटत नव्हता. तरी ते दीड पान तिने खणखणीत आवाजात, एकही अक्षर न गिळता वाचलं.